तारा ठिपका दिसत नाही, रेघ दिसते: दोष दुर्बिणीचा की डोळ्याचा?

तक्रार अशी आहे. न्यूटनियन दुर्बीण, आरसा सहा इंची (१५० मिमी), फोकल लेंग्थ १२०० मिमी, म्हणजे (१२०० भागिले १५०) एफ/८. गच्चीवर लावून ताऱ्यावर रोखली की ठिपका होतच नाही. तिरकी, आखूड रेघ दिसते. फोकसरची चाकी पुढे नेली की रेघ उजवीकडे कलते, मागे आणली की डावीकडे, आणि मधे जिथे ठिपका व्हायला हवा तिथे एक बोचकं. आरसे जुळवले, म्हणजे कोलिमेशन केलं, की त्या रात्री बरं वाटतं. पुढच्या शनिवारी पुन्हा रेघ.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुर्बीण लिफ्टने चौदाव्यापर्यंत जाते, पुढचा एक जिना उचलून न्यावी लागते. त्यामुळे पहिला संशय लिफ्टच्या धक्क्यांवर, मग जिन्यावर, मग आरशामागच्या स्क्रूंवर. स्प्रिंगा बदलल्या. लेसर कोलिमेटर मागवला. सेक्रेटरींकडून गच्चीची चावी घ्यायची, तासभर एलन की घेऊन दुर्बिणीच्या तोंडात हात घालायचा, आणि बघायला बसावं तोवर शनी समोरच्या टॉवरमागे गेलेला. हे चार महिने चाललं. खालचा मजकूर ही त्या चार महिन्यांची वसुली समजा.

उलगडा शेजारच्या काकांच्या नातीने केला, पाचवीतली मुलगी. मी स्क्रू पिळत बसलो होतो तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली. "काका, मी बघू?" म्हणाली. चाकी जराशी फिरवली आणि म्हणाली, "ठिपकाच तर आहे." मी डोळा लावला. रेघ. तिने लावला. ठिपका. तिच्या आजोबांनी लावला तर त्यांना तिसरंच काही दिसलं, त्याबद्दल शेवटी.

मान वाकडी करून बघा, स्क्रूला नंतर हात लावा

दुर्बिणीच्या प्रत्येक पुस्तिकेत अंधुक दिसण्यावरचा पहिला उपाय कोलिमेशन असतो. माझं मत उलटं आहे. ज्या तपासणीत काहीही सुटं करावं लागत नाही ती आधी करा.

मध्यम तेजाचा तारा घ्या. ग्रह नको, ग्रहाला स्वतःचा आकार असतो. ठाण्याहून ध्रुवतारा उत्तरेला साधारण १९ अंशांवर दिसतो. माझी दुर्बीण डॉब्सोनियन, म्हणजे हाताने फिरवायच्या बैठकीवरची, तिला मोटर नसते, बाकीचे तारे बघता बघता निसटतात, हा बापडा जागेवर राहतो. उंची कमी असल्यामुळे थोडा थरथरतो, पण या कामाला पुरतो. आता फोकस थोडा चुकवा, म्हणजे रेघ स्पष्ट होईल, आणि आयपीसला, म्हणजे बघायच्या भिंगाला, डोळा लावलेला ठेवून मान एका खांद्याकडे झुकवा.

रेघ मानेबरोबर फिरली तर दोष तुमच्या डोळ्यात आहे. एवढंच.

मान स्थिर ठेवून आयपीस फोकसरमध्येच गोल फिरवला आणि रेघ त्याच्याबरोबर फिरली, तर दोष आयपीसचा. दोन्हींनी फिरली नाही, तर मग आरशांकडे वळा. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि मी ती चार महिने केली नाही.

खरं तर पहिल्याच रात्री कळायला हवं होतं. फोकसच्या अलीकडे एका दिशेला आणि पलीकडे बरोबर आडव्या दिशेला रेघ वळते, तेव्हा तो कोलिमेशनचा दोष नसतोच. ते दृष्टिवैषम्य. चष्म्याच्या दुकानात ज्याला सिलिंड्रिकल नंबर म्हणतात तेच, फक्त ते डोळ्यात आहे, आयपीसमध्ये आहे की आरशात, हे शोधायचं असतं.

डोळ्यात ते कुठून येतं? प्रकाश डोळ्यात शिरतो तेव्हा सगळ्यात जास्त वाकतो तो पुढच्या पारदर्शक पडद्यावर, पारपटलावर. आपल्याला शाळेपासून भिंग, भिंग म्हणून शिकवतात, पण डोळ्याची एकूण शक्ती ६० डायॉप्टरच्या (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक) आसपास, आणि त्यातला सुमारे ४३ डायॉप्टरचा वाटा एकट्या पारपटलाचा. कारण तिथे प्रकाश हवेतून थेट ओल्या पेशींमध्ये शिरतो. आतलं नेत्रभिंग दोन्ही बाजूंनी द्रवात बुडालेलं, त्यामुळे त्याच्यावर प्रकाश कमी वाकतो. जवळचं-लांबचं जमवून घ्यायचं नाजूक काम मात्र त्याचंच. हे पारपटल चेंडूच्या पृष्ठभागासारखं सगळीकडून सारखं गोल असेल तर ताऱ्याचे किरण एका बिंदूत येतात. बऱ्याच जणांचं ते थोडं चमच्याच्या पाठीसारखं असतं: लांबीच्या दिशेने बाक वेगळा, रुंदीच्या दिशेने वेगळा. मग एका दिशेचे किरण आधी जुळतात, दुसऱ्या दिशेचे नंतर. आधीच्या जागी एक रेघ, नंतरच्या जागी तिला आडवी दुसरी रेघ, मधे बोचकं. माझी तक्रार शब्दशः.

माझा सिलिंड्रिकल नंबर पाऊण आहे. चष्म्यात आहेच, पण दुर्बिणीशी बसताना मी चष्मा काढून ठेवत होतो. सगळेच सांगतात: चष्मा काढा, फोकसरने नंबर भरून निघतो. अर्धसत्य आहे. उणे किंवा अधिकचा साधा नंबर फोकसरने भरून निघतो. सिलिंड्रिकल निघत नाही, कारण फोकसर सगळ्या दिशांना सारखाच पुढेमागे होतो.

मग कोलिमेशननंतर बरं का वाटायचं?

या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त छळलं, आणि याचं उत्तर सापडलं तेव्हा खरा आनंद झाला. दोष परत येत नव्हता. तो कधी गेलाच नव्हता.

आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाश एका बारीक दांडीसारखा असतो. दांडीची जाडी काढायचा हिशोब सोपा: आयपीसचा आकडा भागिले दुर्बिणीचा एफ आकडा. माझ्याकडे २५ मिमीचा आयपीस आहे, २५ भागिले ८, साधारण ३.१ मिमी. दुसरा १० मिमीचा, १० भागिले ८, म्हणजे १.२५ मिमी. पहिल्यात पारपटलाचा तीन मिमीचा तुकडा वापरला जातो, दुसऱ्यात जेमतेम सव्वा मिमीचा. चमच्याच्या पाठीचा मोठा तुकडा घेतला तर वाकडेपणा दिसतो, अगदी लहान घेतला तर जवळजवळ गोलच वाटतो.

माझा क्रम ठरलेला. २५ चा लावून तारा बघायचा, रेघ दिसायची, वैतागून कोलिमेशन करायचं, मग खात्री करायला १० चा लावायचा, कारण बारीक तपशील बघायचा असतो. १० मध्ये तारा गोल. वा, जमलं! गुरूचे पट्टे बघून खूश होऊन झोपायचं. पुढच्या शनिवारी पुन्हा आधी २५ चा. पुन्हा रेघ. लिफ्ट बिचारी निर्दोष होती.

खात्री करायची सोपी युक्ती: पुठ्ठ्याला सुईने भोक पाडा, मिलिमीटरभर, आणि आयपीस व डोळा यांच्यामध्ये धरा. तारा मंद होईल, पण गोल होईल. डोळ्यांचे डॉक्टर भोकाची काळी पट्टी धरून वाचायला लावतात त्यामागचं तत्त्व हेच.

उपाय म्हणून मी आता २५ च्या आयपीसला चष्मा घालूनच बघतो. १० ला काढतो. १० मिमीच्या साध्या प्लॉसल आयपीसला डोळा सात-आठ मिमीवर आणावा लागतो, तिथे चष्म्याची काच मधे बसतच नाही, आणि सुदैवाने तिथे गरजही नसते. ज्यांचा सिलिंड्रिकल नंबर दीड-दोन आहे त्यांनी डोळा लांब ठेवता येईल असा आयपीस घ्यावा, महाग पडला तरी. तो खर्च मोठ्या आरशावर करण्यापेक्षा इथे सत्कारणी लागतो.

एक गंमत: उघड्या डोळ्यांनी मला तारे लहानपणापासून त्याच तिरक्या रेघेसारखे दिसायचे. तारे असेच असतात असं मी समजत होतो.

आता दुर्बिणीतला दोष: मेदुवडा बघायला शिका

डोळा निर्दोष ठरला असेल, तर प्रकाशाच्या मागे मागे दुर्बिणीत चला. शनीहून निघालेला प्रकाश सव्वा-दीड तास प्रवास करून गच्चीवर येतो. नळीच्या तोंडातून आत शिरतो, तळाच्या मोठ्या आरशावर आपटतो, मीटरभर परत वर येतो, ४५ अंशांत बसवलेल्या छोट्या सपाट आरशावर वळतो आणि बाजूच्या फोकसरमधून बाहेर पडतो. नळीतलं हे सगळं आठ-नऊ नॅनोसेकंदांत संपतं. जे बिघडायचं ते याच टप्प्यात.

पहिला आरसा पॅराबोला आकाराचा का? लांबून येणारे समांतर किरण एका बिंदूत आणणारा आकार तोच. साध्या गोलाच्या तुकड्यात कडेचे किरण मधल्यांच्या जरा आधी जुळतात. न्यूटनने १६६८ मध्ये पहिली चालणारी परावर्ती दुर्बीण बनवली तेव्हा त्याला पॅराबोला घासता आला नव्हता, आरसा गोलीय होता, काचेचाही नव्हता, तांबं आणि कथिल यांच्या मिश्रधातूचा होता. तरी त्याने आरसा निवडला, कारण भिंगातून जाताना प्रत्येक रंग वेगवेगळा वाकतो आणि कडांना रंगीत झालर येते. परावर्तनात लाल आणि निळा सारख्याच कोनात परत फिरतात. आरशाची अडचण वेगळीच: प्रकाश तिथवर जातो आणि तिथून परत येतो, त्यामुळे पृष्ठभागावरची चूक दुप्पट होऊन प्रतिमेत उतरते. म्हणून चांगल्या आरशाला मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी चूक चालते.

हे घरी मोजता येत नाही, पण बघता येतं. तारा मुद्दाम फोकसबाहेर न्या. तो मेदुवड्यासारखा दिसेल: गोल चकती, मधे काळं भोक. भोक म्हणजे छोट्या आरशाची सावली. आता वडा नीट बघा.

भोक बाजूला सरकलं असेल, वड्याची एक कड जाड आणि दुसरी बारीक दिसत असेल, तर ते कोलिमेशन. इथे स्क्रूंना हात लावायला हरकत नाही. वडा लंबगोल असेल आणि फोकसच्या पलीकडे गेल्यावर लंबगोलाची दिशा काटकोनात बदलत असेल, तर वर सांगितलेलं दृष्टिवैषम्य, आणि मानेची तपासणी झालेली असल्यामुळे ते आता डोळ्याच्या माथी मारता येणार नाही. वडा तिकोनी असेल तर आरसा कुठेतरी आवळला गेला आहे. आणि वडा कढईतल्या तेलात तळला जात असल्यासारखा सळसळत असेल, कडा उकळत असतील, तर दुर्बीण ठीक आहे, हवा खराब आहे.

हवेवर जरा थांबतो, कारण ठाण्यात निम्म्या तक्रारी हवेच्याच असतात. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो. चायना मोझेकच्या पांढऱ्या गच्चीवर त्रास कमी, डांबरी वॉटरप्रूफिंग असेल तर जास्त. पत्र्याची शेड असेल तर तिच्या वरून बघू नका. एसीच्या आउटडोअर युनिटांच्या रांगेवरून तर मुळीच नाही. आमच्याकडून येऊरच्या झाडीवरचं आकाश घोडबंदर रोडवरच्या आकाशापेक्षा बरंच शांत असतं, दिवेही तिकडे कमी. बैठक बदलायला पैसे लागत नाहीत. आणि हिवाळ्यातली धुरकट रात्र पाहून नाक मुरडू नका. वारा पडलेला असतो, थर स्थिर असतात, आणि ग्रह अशा रात्री कोरल्यासारखे दिसतात. वारा सुटून आकाश लख्ख झालं की तारे लुकलुकतात, कवींना बरं, दुर्बिणीला नाही.

एसी असलेल्या खोलीतून दुर्बीण थेट गच्चीवर आणली की आरशावर दव. एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर येतं तेच. पुसायचं नाही. दुर्बीण झाकण लावूनच बाहेर ठेवा, आरसा बाहेरच्या तापमानाला आला की मग उघडा. अर्धा-पाऊण तास जातो, तेवढ्यात जेवून या.

कोलिमेशन करायचंच असेल तर

आयपीसच्या जागी मधोमध बारीक भोक असलेलं झाकण बसवा आणि दिवसा, उजेडाच्या भिंतीकडे नळी रोखून त्या भोकातून बघा. आधी छोटा आरसा फोकसरच्या बरोबर मधे आणि गोल दिसला पाहिजे. मग त्यात मोठ्या आरशाच्या कडेचे तिन्ही चिमटे दिसले पाहिजेत, हे छोट्या आरशाच्या तीन बारीक स्क्रूंनी जमतं. शेवटी मोठ्या आरशावरची मधली खूण भोकाच्या प्रतिबिंबावर यायला हवी, हे तळाच्या स्क्रूंनी. छोट्या आरशाशी खेळताना नळी आडवी ठेवा. एलन की हातातून सुटली आणि नळी उभी असली तर ती थेट मोठ्या आरशावर पडते. मला हे कसं माहीत, ते विचारू नका.

एफ/८ ला थोडी चूक खपते. खारघरच्या माझ्या मेहुण्याची एफ/५ आहे, तिला खपत नाही. त्याची तक्रार वेगळी होती: मधे तारे ठीक, कडेला प्रत्येक ताऱ्याला बाहेरच्या बाजूला शेपटी. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पॅराबोला अक्षावरच्या ताऱ्यालाच नीट न्याय देतो, कडेच्यांना शेपटी फुटते, आणि एफ आकडा जितका लहान तितकी ती मोठी. वस्तू मधे आणून बघा, झालं.

लेसर कोलिमेटरबद्दल सावध. मी घेतलेला स्वतःच वाकडा निघाला. फोकसरमध्ये तो गोल फिरवून बघितला तर आरशावरचा लाल ठिपका जागेवर राहायच्या ऐवजी वर्तुळ काढत होता. म्हणजे मी महिनाभर चुकीच्या मापाने बरोबर वस्तू बिघडवत होतो. यात मला एकट्यालाच लाज वाटायचं कारण नाही. १९९० मध्ये सोडलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा अत्यंत काटेकोर घासलेला होता, पण ज्या उपकरणाने तो तपासत होते त्यातलं एक भिंग १.३ मिमीने चुकीच्या जागी बसलं होतं. आरशाची कड सुमारे २ मायक्रॉनने जास्त सपाट झाली आणि तारे धुरकट आले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन आतली उपकरणं बदलली आणि दोष भरून काढणारे छोटे आरसे बसवले. आरसा तोच राहिला, त्याला चष्मा लावला.

लेसर वापरताना किरण डोळ्यात जाऊ देऊ नका, परावर्तित झालेलासुद्धा. आणि दुर्बीण सूर्याकडे न्यायची असेल तर नळीच्या तोंडावर पूर्ण झाकणारा सौर फिल्टर हवा. आयपीसला पिळून बसवायचा काळा फिल्टर कुठल्या डब्यात मिळालाच तर फेकून द्या. तो उष्णतेने तडकतो, आणि दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजतंय हे समजायच्या आत काम झालेलं असतं.

एक सूचना विकत घेऊ पाहणाऱ्यांसाठी. नळी जेमतेम अर्ध्या मीटरची आणि लेबलवर फोकल लेंग्थ १००० मिमी असेल, तर फोकसरच्या आत एक भिंग लपवलेलं आहे. वरची झाकणाची पद्धत तिथे फसते. अशी दुर्बीण जुळवण्यात आयुष्य घालवण्यापेक्षा ती न घेतलेली बरी.

पावसाळ्यानंतर: तिकोनी तारा

डोळ्याचं कोडं सुटलं, हिवाळा मजेत गेला. जून ते सप्टेंबर दुर्बीण कपाटामागे. ऑक्टोबरात बाहेर काढली तर आरशावर बुरशीचे दोन-तीन ठिपके आणि धुळीचा थर. खाडीजवळच्या दमट हवेत हे व्हायचंच. खरं म्हणजे आरशावरच्या धुळीने फारसं बिघडत नाही, चिमूटभर प्रकाश अडतो इतकंच. बुरशी मात्र ॲल्युमिनियमच्या मुलाम्यात रुजते, ती काढायला हवी.

आरसा नळीतून काढून नळाखाली हलक्या धारेत धरला, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, ओल्या कापसाचा बोळा स्वतःच्या वजनाने जेवढा दाबला जाईल तेवढाच फिरवला. शेवटची धार डिस्टिल्ड पाण्याची, गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते. उभा करून वाळवला. रुमाल, चष्म्याचं फडकं, काही नाही. मुलामा मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो, घासला की ओरखडा कायमचा.

इथपर्यंत शहाणपणाने वागलो. मग आरसा परत बसवताना तिन्ही चिमट्यांचे स्क्रू घट्ट आवळले, प्रवासात हलायला नको म्हणून. त्या रात्री प्रत्येक तारा समोशासारखा तिकोनी. मान वाकडी केली, तिकोन मानेबरोबर फिरला नाही. आयपीस फिरवला, तरी नाही. यावेळी डोळा सुटला. चिमटा आणि काच यांच्यात कागद सरकेल इतकी फट हवी असते. चिमटे फक्त आरसा पडू नये म्हणून असतात, पकडून ठेवायला नाही. अर्धा पिळा सैल केला आणि तारे गोल झाले. आता पावसाळ्यात दुर्बिणीच्या दोन्ही तोंडांना झाकण आणि आत सिलिका जेलची पुरचुंडी. जेल रंग बदलला की कढईत मंद गरम करून पुन्हा वापरायचा, मात्र ती कढई स्वयंपाकाला परत नेऊ नका.

किरकोळ तक्रारी, ज्यांना दुर्बीण दोषी नाही

आयपीसला बार्लो, म्हणजे वर्धन वाढवणारं जोडभिंग, लावून वर्धन खूप वाढवल्यावर चंद्रावर तरंगणारे धागे, जाळी, ठिपके दिसतात. आरसा मळलेला नाही. प्रकाशाची दांडी अर्ध्या-पाऊण मिमीची झाली की डोळ्याच्या आतल्या पारदर्शक गरातल्या तंतूंच्या सावल्या दृष्टिपटलावर ठळक पडतात. सगळ्यांनाच असतात, वयाबरोबर वाढतात. अचानक एका दिवसात खूप वाढले आणि सोबत उजेडाचे लखकारे दिसू लागले, तर मात्र दुर्बीण बाजूला ठेवून त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.

क्षितिजाजवळच्या शुक्राला एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळी कड दिसते. ते वातावरणाचं काम, शुक्र उंचावर असला की दिसत नाही.

तेजोमेघ दिसत नाहीत, अशी तक्रार गच्चीवर हॅलोजनखाली बसून करू नये. अंधाराला डोळा बऱ्यापैकी सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, एक मोबाइल उघडला की सगळं पहिल्यापासून. शिवाय उजेडात बाहुली लहान राहते. ३२ मिमीच्या आयपीसमधून माझ्या दुर्बिणीची दांडी ४ मिमीची येते, बाहुली ३ मिमीच उघडली असेल तर बाहेरची कड बुबुळावर आपटून वाया जाते आणि सहा इंची दुर्बीण साडेचार इंची होते. मंद वस्तूकडे सरळ रोखून बघू नका, किंचित बाजूला नजर ठेवा. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी नसतात, त्या बाजूला असतात. वॉचमनला दिवा बंद करायला सांगून मी दोनदा बोलणी खाल्ली आहेत, त्यामुळे आता डोक्यावर काळं फडकं घेतो. विचित्र दिसतं, पण चालतं.

राहिले शेजारचे काका. त्यांनी त्या पहिल्या रात्री डोळा लावला तेव्हा म्हणाले, "धुकं आहे हो, आणि शनीभोवती फुलबाजीसारखं काहीतरी." मला एक कडं दिसत होतं, नातीला तर त्यातली काळी फटही. दुसऱ्या डोळ्याने बघा म्हटलं, तिथेही तेच, थोडं कमी. मी गप्प बसलो, पण त्यांच्या सूनबाईंना सकाळी सांगितलं की काकांचे डोळे एकदा दाखवून घ्या. मोतीबिंदू निघाला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं व्हायचं आहे. पौर्णिमेला ते गच्चीवर आले आणि बराच वेळ चंद्राकडे बघत, आळीपाळीने एकेक डोळा हाताने झाकत उभे होते. डाव्याने पिवळसर दिसतो म्हणाले, उजव्याने पांढराशुभ्र, निळ्याकडे झुकणारा. मग मला विचारलं, "इतकी वर्षं मी कुठला बघत होतो?"